रविंद्र वाडीचा नरम माल

नरपड, ता. डहाणू
मे २०१८ अखेर

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. तुझी खोकी उचलल्यापासून कंबर सरळ होत नाही, तेव्हा या नमस्कारात माझं विशेष कर्तृत्व नाही.) तू, योगितावहिनी आणि मुलं खुशाल असाल. असालच. पुण्याची हवा चांगली, पाणी चांगलं, शाळा चांगल्या, हे तू इतक्या वेळा सांगितलं आहेस की तिथं माणूस आजारी पडायलाही कचरत असेल. आमचंही बरं चाललंय. संगिता बरी आहे, वाडी बरी आहे, विहिरीवरची मोटार जळली आहे. बाबांचं पुढे लिहितोच. मोठ्या भावाला 'तीर्थस्वरूप' लिहायचं असं शाळेत शिकवलं तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागतो. तीर्थ काही आपल्याकडे येत नसतं, आपणच तीर्थाकडे जायचं असतं.

फोन असताना कागद कशाला, असं तुला वाटेल. कारण असं, की व्हॉट्सॅपवर मी काहीही कळवलं तरी तू अंगठा पाठवतोस. मोटार जळली, अंगठा. बाबा ओट्यावरून घसरले, अंगठा. बाबा मला ओळखेनासे झाले, त्यालाही अंगठा. एकदा तर वाडीला आग लागली असं खोटंच कळवून बघावं असं माझ्या मनात आलं होतं, पण संगिता म्हणाली, कशाला परीक्षा घेता, निकाल आपल्याला माहीत आहे. म्हणून हे पोस्टाने पाठवतो आहे. निदान पाकीट फोडण्याचे तरी कष्ट तुला पडू देत.

विषय तुझ्या कॉमिक्सचा. पाडव्याच्या सुमारास तू कुठंतरी वाचलंस की जुनी कॉमिक्स हौशी लोक सोन्याच्या भावाने घेतात, आणि त्याच दिवशी तुला आठवलं की नरपडला आपलं घर आहे, त्या घराला खालची खोली आहे आणि तिच्यात छतापर्यंत तुझं बालपण रचलेलं आहे. (त्या खोलीत माणूसही राहू शकतो, हे तुझ्या लक्षात यायचं कारण नव्हतं. बाबांना जिना चढवत नाही, त्यांना खाली हलवा, असं डॉक्टर केव्हापासून सांगतायत. पण 'माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही' हा तुझा हुकूम डॉक्टरांच्याही आधीचा.) मग तुझा तो लांबलचक बोलका निरोप आला. हातमोजे घालायचे, पानं बोटाला थुंकी लावून उलटायची नाहीत, प्रत्येक अंकाची प्रत ठरवायची, उत्तम वेगळे, मध्यम वेगळे, फाटके वेगळे. आणि अगदी शेवटी तू म्हणालास, "सगळं नीट लावून ठेव, मग मी स्वतः येतो बघायला."

दादा, हे सगळं मी केलं ते त्या एका वाक्यासाठी. तुझ्या कॉमिक्सशी माझं काही देणंघेणं नाही. लहानपणी मी त्यांना हात लावला की तू बोंब मारायचास आणि बाबा मला ओट्यावर उभं करायचे. तुझा तो कॅप्टन झंझावात दिसायला कसा आहे हे मी या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. (बरा आहे. प्रत्येक गोष्टीत उशीर करतो, पण शेवटच्या पानावर का होईना, पोहोचतो.) तुझा निरोप मी बाबांना ऐकवला. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी दाढी करून घेतात, इस्त्रीचा सदरा चढवतात आणि ओट्यावर फाटकाकडे तोंड करून बसतात. त्यांचं डोकं आता मागे-पुढे होतं. मला ते वाडी ठेक्याने धरायला आलेला व्यापारी समजतात आणि भाव पाडतोस म्हणून फाडफाड बोलतात. पण रवी येणार हे काही डोक्यातून निसटत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात. लोक मला हळूच विचारतात, मोठे परदेशात असतात का? मी हो म्हणतो. पुण्यात असतात म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो.

तर तुझं येणं माल लावण्यावर अडलं होतं, आणि माल लावायला या घरात दुसरं कोण आहे? त्यात नेमकी वेवजीला संगिताच्या वडिलांच्या बांधाची मोजणी निघाली. जावई म्हणून मला तिथं उभं राहणं भाग होतं. (जावयाला बांधाशी उभं करतात, म्हणजे भांडण झालं तर शेजाऱ्याची पहिली शिवी बाहेरच्या माणसाला बसते.) म्हणून मी नवशीला बोलावलं. नवशी म्हणजे आपल्या शेडमध्ये चिकूची प्रत लावणाऱ्या बायकांची मुकादम. तिने खोलीत डोकावून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "धुवायचं का?" मी म्हटलं, धुवायचं नाही. बाकी सगळं नेहमीसारखं कर, प्रत लाव, दादा येणार आहे बघायला. एवढं सांगून मी जीपमध्ये बसलो. आता तू म्हणशील की चूक इथं झाली. मी म्हणतो की चूक फार आधी झाली, पण ते असो.

आपल्याकडे नेहमीसारखं म्हणजे काय, हे तू विसरला असशील म्हणून सांगतो. हाताला कडक लागतो तो माल दिल्लीला, कारण तो प्रवास सोसतो. नरम पडलेला इथल्याच बाजारात, आणि तोही ताबडतोब, कारण एक नरम फळ पेटीत राहिलं तर शेजारच्या दहांना नरम करतं. आणि पाखरांनी टोचलेला, किडलेला माल कापून उन्हात वाळवायचा, त्याच्या चिप्स. तीन पिढ्या या वाडीत याशिवाय दुसरी प्रतवारी झालेली नाही. मी संध्याकाळी परत आलो तेव्हा तुझी सगळी कॉमिक्स या नियमाने लागलेली होती. बायकांनी प्रत्येक अंक तळव्यावर घेऊन, अंगठ्याने दाबून पाहिला होता. कडक, चकचकीत, कोपरे ताठ असलेले अंक पेटीत, खाली पेंढा, वर पेंढा, झाकणाला खिळे. जुनाट, मऊ पडलेले, हातात धरलं की मान टाकणारे अंक शेडच्या कोपऱ्यात वेगळे. आणि वाळवी लागलेली, सुटी झालेली पानं अंगणात चटयांवर पसरून, वर एकेक खडा ठेवून, उन्हाला. खोटं कशाला बोलू? मला ते बघून भरून आलं. इतकं नेटकं काम तुझ्या पुण्याच्या कुठल्याही संग्रहालयात होत नसेल. कडक ते चांगलं, नरम ते संपलेलं, यात मला काहीही वावगं दिसलं नाही, आणि तू हातमोज्यांवर जेवढं बोललास त्याच्या निम्मं जरी यावर बोलला असतास तर पुढचं टळलं असतं.

पुढचं असं. चिप्सचा माल दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याने उचलला. समुद्रावरचं वारं खड्याला जुमानत नाही. कॅप्टन झंझावात पहिल्यांदाच नावाला जागला आणि गावातल्या निम्म्या कुंपणांवर जाऊन बसला. काही पानं बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांवर अडकली, ती कोळणींनी उलटी टांगली, एवढ्यासाठी की कावळे भितात. आजही भितात. आणि नरम माल? तो घरात ठेवायचा नाही, ही तर बाबांचीच शिकवण. पुतळीमावशी, जी इथली सुकी मासळी घेऊन तलासरीच्या आठवडे बाजारात बसते, ती पुड्या बांधायला कागद मागत आली. संगिताने तिला सगळा ढीग दिला. बदल्यात सोडे आले. चांगले होते. तुझ्या वाटणीचे पाठवणार होतो, पण योगितावहिनींना वास सोसत नाही असं तूच एकदा म्हणाला होतास.

माल लागला, मी तुला फोटो पाठवला. अंगठा आला. मग तूच वापीचं ते गिऱ्हाईक शोधलंस, मनिषभाई, आणि दोघांनी मिळून दिवस ठरवलात. तू सकाळच्या गाडीने येणार, ते वापीहून येणार, आपण सगळे जेवायला. बाबांच्या सदऱ्याला त्या दिवशी संगिताने दोनदा इस्त्री केली. आणि सकाळी तुझा निरोप. स्वयंपाकघराच्या फरशा बसवायला माणूस आजच येतोय, तू बघून घे, तुझ्यावर विश्वास आहे. यावेळी अंगठा तू आपणहून पाठवलास.

मी बाबांना सांगितलं की गाडी लेट आहे.

मनिषभाई आले. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्यांचं. ठेंगणा, गोरटेला माणूस, कपाळाला गंधाचा टिळा, स्वतःचे हातमोजे स्वतः घेऊन आलेला. मी ऐटीत खिळे उपटले, पेंढा बाजूला केला. त्यांनी वरचा अंक घेतला, ठेवला. दुसरा घेतला, ठेवला. पेटीच्या तळापर्यंत गेले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुदामभाई, आ तो नवो माल छे. जूनो क्यां?" तेव्हा मला कळलं की पेट्यांमध्ये तू कॉलेजात असताना स्टॉलवर कुणालाही मिळणाऱ्या नव्या आवृत्त्या होत्या, आणि त्यांना हवे होते ते त्याच्या कितीतरी आधीचे, मऊ कागदाचे, गंजक्या पिनांचे. मी त्यांना नरम मालाचा नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ओट्याच्या पायरीवर बसले. संगिताने पाणी आणून दिलं.

त्या दिवशी तलासरीचा बाजार होता. आम्ही त्यांच्याच गाडीतून निघालो. पुतळीमावशी आपल्या जागेवर होती आणि पुढ्यात जवळ्याच्या, बोंबलाच्या पुड्या रचलेल्या, प्रत्येकीवर रंगीत चित्र. आता एक गोष्ट तुला ठाऊक हवी. मनिषभाईंच्या घरात कांदासुद्धा चालत नाही. तो माणूस नाकाला रुमाल बांधून तिथं उकिडवा बसला आणि पुड्या विकत घ्यायला लागला. नुसता कागद द्यायला मावशी तयार नव्हती, कारण मग मासळी कशात बांधणार? (ती मुद्द्याला धरून बोलत होती.) तेव्हा तो पुडी घ्यायचा, उलगडायचा, मासळी शेजारच्या बाईच्या टोपलीत रिकामी करायचा, कागद मांडीवर सपाट करून ठेवायचा आणि पुढची पुडी उचलायचा. थोड्याच वेळात बातमी पसरली की कुणीतरी गुजराती शेठ फुकट सुकट वाटतोय. गंजाडवरून, कोसबाडवरून आलेल्या बायकांची रांग लागली. पांड्या नावाचा एक जण तर आधीची पुडी घरी ठेवून परत आला. मनिषभाईंचे डोळे पाण्याने भरले होते, मला वाटलं वासाने. पण ते चित्राकडे बघत होते. बाबांनी प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर वाडीचा शिक्का मारून ठेवला आहे ना, पेट्यांवर मारायचा तोच, 'रविंद्र वाडी, नरपड'. कुठं कॅप्टनच्या कपाळावर, कुठं राजकन्येच्या गालावर. हौशी लोकांच्या लेखी शिक्का म्हणजे डाग, किंमत पार उतरते. माल दिल्लीत हरवू नये म्हणून शिक्का असतो, तसाच तुझा माल हरवू नये म्हणून बाबांनी मारला. तलासरीत मात्र लोक समजले की आपण आता सुकटीच्या धंद्यात उतरलो. (वाडीला तुझं नाव, शिक्क्याला तुझं नाव. माझ्या नावाने या घरात फक्त विजेचं बिल येतं.)

दुपार टळल्यावर मासळी संपली तेव्हा मावशीने तळाचे न फाडलेले अंकही देऊन टाकले, आणि आम्ही जे काही हाती लागलं ते घेऊन परतलो. बाबा अजून तिथंच, सदरा चढवून. मनिषभाई पायरीवर टेकले आणि वास जाण्यासारखा आहे का हे पाहायला त्यांनी एक अंक उघडून त्यात नाक खुपसलं. तुला आठवतं का, नवं कॉमिक हातात आलं की तू वाचायच्या आधी ते उघडून नाकाला लावायचास? मी विसरलो होतो. बाबा विसरले नव्हते. ते खुर्चीतून एकदम उठले. काठीशिवाय. म्हणाले, "रवी, आलास? आधी हात धू."

दादा, मी तोंड उघडलं होतं. सांगणारच होतो. पण तो माणूस उठला, विहिरीवर गेला, हात धुऊन आला आणि बाबांच्या शेजारी बसला. बाबांनी एकेक अंक हातात घेऊन त्याला सांगितलं, हा सुरतेला मार्केटात माल टाकून येताना घेतला, हा वापी स्टेशनवर, हा घेतला तेव्हा परतीच्या तिकिटाला पैसे उरले नाहीत म्हणून मालगाडीच्या गार्डाबरोबर आलो. त्यातलं एक अक्षरही कधी न वाचलेला माणूस चित्रं बघून सगळं सांगत होता. मी त्यांचा मुलगा आहे हे ज्यांना आठवत नाही, त्यांना हे आठवतं. मला राग आला. अजून आहे. तुझा आला, बाबांचा आला आणि सगळ्यात जास्त त्या परक्या माणसाचा, कारण त्याच्या हातून बाबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मी भरवलं की तोंड फिरवतात.

असं झालं सगळं. माल विकला, खोली रिकामी झाली, बाबा खाली आले. आलेल्या पैशांपेक्षा पेट्यांचा आणि खिळ्यांचा खर्च फारसा कमी नाही, त्यामुळे वाटणीवरून आपल्यात वितुष्ट येण्याची भीती बाळगू नकोस. योगितावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. फरशा छान बसल्या असतील.

तुझा,
सुदाम

ता. क. तू पाठवलेले हातमोजे वाया गेले नाहीत. फणसाचा चीक लागू नये म्हणून संगिता वापरते. उत्तम आहेत. आणखी एक जोड पाठवलास तर चालेल.

ता. क. २. वर मी 'माल विकला' असं लिहिलं ते पुरतं खरं नाही. मनिषभाईंनी जुने अंक विकत घेतले, पण नेले नाहीत. शिक्का मारलेला माल घरात ठेवून काय करू, म्हणतात. (सुकटीचा वास घरी चालणार नाही, हे खरं कारण. निदान मी तसं समजतो.) ते अंक बाबांच्या उशाशी असतात आणि मनिषभाई रविवारी येऊन ते बाबांबरोबर बघतात. आणखी काही पानं सापडली का ते पाहायला आलो, असं दर वेळी सांगतात. संगिताने त्यांच्यासाठी वेगळी भांडी काढली आहेत. तू यायचं ठरवलंस तर रविवार सोडून ये. दोन रवी एकदम दिसले तर बाबा गोंधळतील, आणि मग बाहेर कुणी थांबायचं हे मला सांगावं लागेल.

ता. क. ३. पत्र लिहिण्याचं कारण हे एवढंच आहे, बाकीचं ओघात आलं. गेल्या रविवारी बाबांनी मनिषभाईंचा हात धरला आणि विचारलं, "रवी, करमतं का रे तुला तिथं?" मनिषभाईंनी माझ्याकडे बघितलं. मला कुठं माहीत? तू कधी बोलला नाहीस, आणि मीही कधी विचारलं नाही. ते म्हणाले, पुढच्या वेळी सांगतो, बाबा. बाबा आता त्या उत्तरासाठी थांबले आहेत. तेव्हा करमत असेल तर एका ओळीत तसं कळव, मनिषभाई सांगतील. करमत नसेल तर मात्र ते त्यांच्या तोंडून नको. तूच येऊन सांग.